आतला फरक

वत्सलाअक्कांना "कशा आहात?" असं विचारायची सोय नव्हती. विचारलं की त्या मान वर करून म्हणायच्या, "कशाच्या मानाने?" आणि उत्तरासाठी खरोखरच थांबायच्या. त्यात थट्टा नसे. कालच्या मानाने, गेल्या वर्षीच्या मानाने की त्यांच्या वयाच्या इतर बायकांच्या मानाने, हे कळल्याशिवाय सांगायचं काय, एवढाच त्यांचा प्रश्न असे. नवीन माणूस गडबडून जाई. जुने लोक नुसतं "नमस्कार, अक्का" म्हणून पुढे जात.

हुबळीच्या एका मेडिकल कॉलेजात, कम्युनिटी मेडिसिन विभागात, त्या संख्याशास्त्र शिकवत. विभागात डॉक्टर नसलेल्या त्या एकट्याच. मी तिथे नोकरीला लागलो तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडली होती. उंच, सडसडीत, केस मागे घट्ट बांधलेले आणि पायात बाराही महिने मोजे, कारण फरशी गार लागते. मोजे भाचा आणून द्यायचा, त्याच्या आवडीचे. त्यामुळे फिकट सुती साडीखाली कधी पिवळे पट्टे दिसत, कधी फुटबॉल. विद्यार्थी हसत. अक्कांना ते कळत होतं की नाही कोण जाणे. मोजे काही बदलले नाहीत.

राहायला धारवाडला केलगेरीत होत्या, तळ्याच्या बाजूला दोन खोल्यांत, एकट्या. रोज बसने हुबळीला येत. कंडक्टरशी कन्नड, घरच्यांशी मराठी, वर्गात दोन्हीची सरमिसळ आणि कागदावर इंग्रजी, अशा त्यांच्या भाषा वाटून दिलेल्या होत्या. मूळ घर अळनावरच्या पलीकडल्या एका खेड्यात. तिथे थोरला भाऊ शेती करायचा. पण घराबद्दल बोलताना अक्का भावाचं नाव क्वचित घेत. पारूवहिनीचं घेत. अक्कांची आई लवकर गेली. त्यानंतर वर्षभरात वहिनी लग्न होऊन घरात आली, आणि आल्या आल्या तिने सासऱ्याला सांगितलं की वच्छीला शाळेतून काढू नका, घरातलं मी बघते. "मी शिकले कारण वैनीनं दोघींचं काम केलं," असं अक्का एकदा मला म्हणाल्या होत्या. फाईल चाळता चाळता म्हणाल्या आणि लगेच पुढच्या पानावर गेल्या. घरातली एकुलती एक शिकलेली बाई म्हणून सगळं गाव त्यांना अक्का म्हणायचं, वयाने मोठी माणसंसुद्धा. वच्छी म्हणणारी फक्त वहिनी.

त्यांची खोली व्हरांड्याच्या टोकाला होती. पदव्युत्तर विद्यार्थी प्रबंधाची आकडेमोड घेऊन तिथे जायचे, आणि जाताना जरा घाबरलेले असायचे. एखादा सुरुवात करायचा, की मॅडम, माझा एक गट योगासनं करणारा, दुसरा चालायला जाणारा. अक्का हात वर करून थांबवायच्या. गटांची नावं नकोत. एक, दोन, तीन म्हण. नाव ऐकलं की माणूस बाजू घेतो, असं त्यांचं म्हणणं. आकडेमोड संपली, निष्कर्ष लिहून झाला, की मगच त्या विचारायच्या, "हं, आता सांग, कोण कोण होते?"

सरासरीच्या तुलनेवरचा त्यांचा तास विभागात प्रसिद्ध होता. त्या दिवशी सकाळी तीन वेगवेगळ्या खानावळींतून ज्वारीच्या भाकऱ्या यायच्या, तीन टोपल्यांत. एक तराजू असायचा. विद्यार्थ्यांनी प्रत्येक भाकरी तोलायची आणि सांगायचं, कुठल्या खानावळीची भाकरी जड. डॉक्टर झालेली पोरं पहिल्यांदा खुशीत येत. तीन सरासऱ्या निघत, तीन वेगळे आकडे. कुणीतरी लगेच म्हणे, दुसरी खानावळ.

मग अक्का दुसरी टोपली पुढे ओढत. हिच्यातलीच ही भाकरी बघ आणि ही बघ. एका बाईच्या हातची एक इतकी जाड आणि एक इतकी पातळ. टोपलीच्या आतच एवढा फरक असेल, तर दोन टोपल्यांच्या सरासरीत दिसतो तो फरक खानावळीचा कशावरून? उद्या दुसऱ्या भाकऱ्या आल्या असत्या तर तो उलटाही झाला असता. म्हणून आधी आतला फरक मोजायचा, मग टोपल्या-टोपल्यांमधला, आणि बघायचं की बाहेरचा आतल्याच्या मानाने खरोखर मोठा आहे का. पुस्तकात ह्याला प्रसरण विश्लेषण म्हणतात, विद्यार्थी अनोव्हा म्हणतात. अक्का नुसतं 'आतला फरक' म्हणायच्या. तास संपला की शेंगदाण्याच्या चटणीबरोबर भाकऱ्या खायच्या असत, आणि त्या तोलूनमापून हाताळलेल्या भाकऱ्या अक्का सगळ्यांत आवडीने खात.

त्या कुणाचं मन राखत नसत. एका विद्यार्थ्याने गोकुळ रोडवरच्या वर्कशॉपमधल्या कामगारांचा अभ्यास केला होता: वेल्डिंगवाले, लेथवाले आणि ऑफिसातले कारकून. रक्तदाब, साखर, वजन, झोप, हाताची पकड, जे मोजता येईल ते सगळं मोजलं होतं. तिन्ही गट एकदम तोलले तर कशातच फरक निघेना. मग त्याने दोन-दोन गट वेगळे काढून, प्रत्येक मापासाठी पुन्हा पुन्हा तुलना केली आणि शेवटी कुठेतरी एक फरक सापडला. तो घेऊन आनंदाने आला. अक्कांनी सगळं शांतपणे पाहिलं आणि म्हणाल्या, "इतक्या वेळा विचारलंस, तर कुणीतरी हो म्हणणारच." सही केली नाही. त्याने दुसरीकडून काम करून घेतलं आणि त्याला पदवीही मिळाली. पुढे त्याच्या लग्नाला अक्का गेल्या, पोटभर जेवल्या, नवऱ्या मुलीला आशीर्वाद दिला. राग त्या धरत नसत. पण त्या प्रबंधावर शेवटपर्यंत त्यांचं नाव आलं नाही.

त्यांच्याबद्दल मला सांगायचं आहे ते मात्र लाडवांचं.

आमचे विभागप्रमुख हिरेमठ सर मनाने मऊ माणूस. अळनावरच्या बाजूच्या खेड्यांत बायकांच्या अंगात रक्त कमी, हे आम्हाला दर तपासणीत दिसत होतं. लोहाच्या गोळ्या वाटल्या जात होत्या, तरी फारसं काही बदलत नव्हतं. सरांनी एक अभ्यास आखला. रक्त कमी असलेल्या बायकांची घरं चिठ्ठ्या टाकून तीन गटांत वाटायची. एका गटाला नुसत्या गोळ्या. दुसऱ्याला गोळ्या आणि दर आठवड्याला एक बाई घरी जाऊन गोळी घेतली का विचारणार. तिसऱ्याला गोळ्या आणि रोज एक लाडू, शेंगदाणे, तीळ, हळीव आणि गुळाचा. काही महिन्यांनी पुन्हा रक्त तपासायचं आणि कुठल्या गटात सरासरी जास्त वाढली ते पाहायचं. लाडू गावातल्या बायकांच्या संघाने करायचे. त्या संघाच्या पुढारी होत्या पारूवहिनी.

पहिल्याच बैठकीत अक्कांनी ते सांगून टाकलं. लाडू करणारी माझी वहिनी आहे. तेव्हा एकतर मी ह्यात नको, नाहीतर डोळ्यांवर पट्टी बांधून करीन. सरांनी पट्टी पसंत केली. ठरलं असं, की अक्कांकडे आकडे यायचे ते एक, दोन, तीन म्हणून. कुठला आकडा कुठल्या गटाचा, हे फक्त मला माहीत.

मी महिन्यातून एक-दोनदा गावात जात असे. अंगणवाडीच्या मागच्या खोलीत सकाळपासून शेंगदाणे भाजल्याचा वास सुटायचा. पारूवहिनी ठेंगण्या, रुंद, आवाज मोठा. पदर कमरेला खोचून त्या कढईपाशी उभ्या असायच्या आणि एखादीचा लाडू लहान झाला की पुन्हा वळायला लावायच्या. ज्या बायका एरवी शेत आणि चूल ह्यापलीकडे कुठे जात नव्हत्या, त्या रोज सकाळी आंघोळ करून, केस विंचरून तिथे येत. एका संस्थेने सांगितलं होतं की अभ्यासात लाडवाने फरक पडला, तर सगळ्या तालुक्यात हेच काम वाढवू आणि ते ह्याच संघाकडे देऊ. वहिनी हुबळीला येऊन गोकुळ रोडवर शेंगदाणे भाजायचं फिरतं पिंपही बघून गेल्या होत्या. कारखानदाराला त्यांनी इतके प्रश्न विचारले, की त्याने शेवटी स्वतः चहा मागवला.

अभ्यास संपला. रक्ताचे आकडे आले. मी ते अक्कांना दिले आणि त्या दार लावून बसल्या.

दुसऱ्या दिवशी त्या सरांच्या खोलीत आल्या. मीही होतो. तिन्ही गटांत रक्त थोडं थोडं वाढलं होतं. तिसऱ्या गटाची सरासरी जराशी वर होती. पण त्या गटाच्या आतच बायका इतक्या पांगलेल्या होत्या, काहींचं खूप वाढलेलं, काहींचं होतं तिथेच, की त्या जराशा वर असण्याला अर्थ उरत नव्हता. दुसऱ्या रीतीनेही करून पाहिलं, तेच येतं, असं त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून त्यांनी तीन म्हणजे कोण ते विचारलं.

मी म्हणालो, "लाडू."

अक्कांनी पेनाला टोपण लावलं. नंतर त्या म्हणाल्या की निष्कर्ष आहे तो आहे, पण तिसऱ्यात आतला फरक एवढा का, ते विचारायला मी गावात जाते. मला ते नवल वाटलं. अक्का कधी गावोगाव फिरणाऱ्यातल्या नव्हत्या. आकडे त्यांच्याकडे येत, त्या आकड्यांकडे जात नसत.

मी त्यांच्याबरोबर गेलो. लाडवाच्या गटातल्या घरांत त्या एकेक करून बसल्या. काही घरं मराठी, काही कन्नड, त्यांना दोन्ही सारखंच. लाडू खाल्लास का, असं त्यांनी एकीलाही विचारलं नाही. त्याला सगळ्या हो म्हणाल्या असत्या. त्या पिकापाण्याचं बोलत, पोरांचं बोलत, आणि मग सहज विचारत, "तुमच्या घरात लाडू जास्त कुणाला आवडला?"

बायका मोकळेपणाने सांगत. धाकट्याला, तो शाळेतून आला की पहिला डबा उघडतो. मामंजींना, दात नाहीत त्यांना, तरी चघळत बसतात. ह्यांना, शेताला जाताना खिशात टाकतात. एका बाईला अक्कांनी विचारलं, आणि तुला कसा लागला? ती जरा थांबली आणि म्हणाली, चांगला असेल की. काही घरांत मात्र सासू स्वतः समोर बसून सुनेला लाडू खायला लावत होती. अशा घरातल्या सुना तरतरीत दिसत होत्या. परत येताना बसमध्ये अक्का खिडकीबाहेर बघत होत्या. एवढंच म्हणाल्या, की लाडू वाटले गेले, पण बायकांना मिळाले नाहीत.

हिरेमठ सरांना हे सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा उजळला. त्यांना वाट सापडली होती. मग ज्यांनी खाल्ले तेवढ्याच बायका तिसऱ्या गटात धरू या, फरक आपोआप दिसेल. सर लबाड नव्हते. लाडू चांगला आहे, हे त्यांना मनापासून पटलेलं होतं. आम्हा सगळ्यांनाच पटलं होतं.

अक्का नाही म्हणाल्या. "सर, ज्या घरात बाईला लाडू खाऊ देतात, त्या घरात तिला गोळीही खाऊ देतात, आणि दुपारी पडूही देतात. तुम्ही लाडू तोलणार नाही, सासू तोलाल."

सरांनी जरा अवघडून विचारलं की ह्यात तुमच्या वहिनीचंच नुकसान आहे, हे लक्षात आहे ना. अक्का हो म्हणाल्या आणि उठल्या.

अहवाल गेला. गटांच्या सरासरीत फरक दाखवता आला नाही, असं पहिल्याच पानावर होतं. लाडू बऱ्याच घरांत दुसऱ्यांनीच खाल्ले, हे आत कुठेतरी मागच्या पानांत, अक्कांनीच नीट लिहिलेलं होतं. संस्थेने पहिलं पान वाचलं. तालुक्याचं काम बारगळलं. अंगणवाडीची मागची खोली बंद झाली आणि ते फिरतं पिंप गोकुळ रोडवरच राहिलं.

पंधरवड्याने पारूवहिनी कॉलेजात आल्या. मी अक्कांच्या खोलीतच होतो. उठायला लागलो तर वहिनींनी मला हातानेच बसवलं. आवाज नेहमीसारखा मोठा नव्हता.

"वच्छे, तुझ्या गणितात आमचे लाडू नापास झाले म्हणे."

"लाडू नापास नाही झाले, वैनी. फरक दिसला नाही एवढंच लिहिलंय."

"त्यात काय फरक आहे?"

अक्कांनी समजावलं. भाकऱ्यांचा तास त्या जसा घ्यायच्या, तसंच सावकाश समजावलं. वहिनींनी मध्ये एकदाही तोडलं नाही. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे बायकांच्या तोंडापर्यंत गेलेच न्हाईत. हे लिहिलंस काय?"

"लिहिलंय. मागे आहे, शेवटाकडे."

"कुणी वाचलं?"

अक्कांनी टेबलावरचे कागद सरळ केले.

"खोटं लिही असं मी म्हणत न्हाई," वहिनी म्हणाल्या. "पण खरं लिहून बाजूला ठेवलंस. ते त्यांच्यासमोर धरायला पायजे होतंस की."

वहिनींनी आणलेली पिशवी टेबलावर ठेवली. तिच्यात नेहमीसारखी घरची ज्वारी होती. चहा न घेता त्या गेल्या. त्यांना स्टँडवर सोडायला मी गेलो. वाटेत त्या पावसापाण्याचं बोलल्या, वच्छीचं नाव काढलं नाही.

त्यानंतर दोघींचं बोलणं थांबलं. अक्का सणाला गावी जात, वहिनी त्यांना ताटात सगळं वाढत, काही कमी पडू देत नसत. बोलत मात्र नसत. हे मला त्यांच्या भाच्याने सांगितलं. अक्का स्वतः काही म्हणाल्या नाहीत. मी एकदा धीर करून म्हटलं, अक्का, तुमचं काही चुकलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "आकड्यात नव्हतं चुकलं." आणि पुढे म्हणाल्या, की आपलं काम तिथे संपतं असं मी धरून चालले होते.

त्यांच्यात फरक पडला तो नंतर दिसू लागला. ज्या बाई कधी कुणाकडे काही मागायला गेल्या नव्हत्या, त्या निवृत्तीच्या आधीच्या वर्षात दारोदार फिरल्या. नवा अभ्यास त्यांनी स्वतः लिहून काढला. त्यात लाडू घरी द्यायचाच नाही. बाईने अंगणवाडीत यायचं, तिथेच बसून खायचा, तिथेच गोळी घ्यायची. दुसऱ्या गटानेही यायचं, गोळी तिथेच घ्यायची, पण लाडू नाही. तिसऱ्याने घरीच गोळी घ्यायची. वेळ त्यांनी दुपारची लिहिली होती. ते गावात वाचून दाखवलं तेव्हा कोपऱ्यात बसलेल्या पारूवहिनी शेजारणीला उद्देशून, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, की दुपारी बायका शेतात असतात, अंगणवाडीत कोण येणार. धारा काढून झाल्या की, शेताला जायच्या आधी. अक्कांनी लगेच खोडून तसं लिहिलं. दोघींमध्ये इतक्या दिवसांनी झालेलं हे पहिलं बोलणं.

ह्या अभ्यासासाठी अक्का ज्याला त्याला भेटल्या. जुना अहवाल घेऊन जायच्या आणि मागचं ते पान आधी उघडून समोर ठेवायच्या. लोक पहिलं पान उलटायला लागले की त्या बोट ठेवून म्हणायच्या, आधी हे वाचा. मी दोनदा त्यांच्याबरोबर होतो. हे करताना त्यांना अवघड जात होतं, ते दिसायचं. मागणं त्यांच्या सवयीचं नव्हतं. शेवटी एका लहानशा संस्थेने होकार दिला तेव्हा अक्का निवृत्त होऊन काही महिने लोटले होते.

आकडेमोड त्या करतील असं आम्ही धरूनच चाललो होतो. पट्टी बांधून करा की मागच्यासारखी, असं हिरेमठ सर म्हणाले. अक्कांनी नकार दिला. म्हणाल्या, "मागच्या वेळी मला काही नको होतं. आता मला काहीतरी निघायला हवंय. हवं असणाऱ्याने मोजू नये." ते काम त्यांनी माझ्याकडे दिलं आणि त्यानंतर एकदाही त्याची चौकशी केली नाही.

निकाल काय लागला ते सांगून टाकतो. आकडे माझ्यासमोर आले तेव्हा मीही एक, दोन, तीन एवढंच ठेवलं होतं, नावं एका सहकारी बाईंकडे होती. सरासऱ्यांमध्ये फरक होता, आणि आतल्या फरकाच्या मानाने तो पुरेसा मोठा होता. नावं उघडल्यावर वरचा गट लाडवाचा निघाला. अंगणवाडीत येऊन नुसती गोळी घेणाऱ्या बायकाही घरी गोळी घेणाऱ्यांपेक्षा बऱ्या होत्या, हे आमच्यापैकी कुणाच्या मनातही नव्हतं. मी अक्कांना फोन केला. त्या तेव्हा गावीच राहायला गेल्या होत्या, केलगेरीची जागा सोडून. भाऊ वारला होता आणि घरात वहिनी एकटी होती. मी फरक आहे म्हणालो. त्यांनी विचारलं, "आत कसं आहे?" मी म्हणालो, आत आता पांगलेलं नाही. मग लांबून वहिनींची हाक ऐकू आली आणि अक्का म्हणाल्या की ठेवते, दूध वर येतंय.

तालुक्याचं काम मात्र त्या संघाला मिळालं नाही. तोवर माणसं बदलली होती, योजना बदलली होती. आसपासच्या काही गावांपुरता लाडू सुरू झाला तो अजून चालू आहे, वहिनींच्या त्याच खोलीत. हिरेमठ सरांना तेवढंही पुष्कळ वाटलं.

अक्का मागच्या थंडीत गेल्या, झोपेतच. मला उशिरा कळलं. तोवर सगळं उरकलं होतं.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते निकालाच्या आधी, दुसरा अभ्यास संपायला आला होता तेव्हा. रक्त तपासणीची तयारी बघायला मी सकाळी लवकर गावात पोचलो होतो. अंगणवाडीच्या भिंतीला टेकून लाडवाच्या गटातल्या बायका ओळीने बसल्या होत्या. गार वारं होतं, ऊन नुकतंच अंगणात आलेलं. ओळीच्या टोकाला जिथे ऊन पडलं होतं तिथे अक्का बसल्या होत्या, शाल लपेटून, शेजारच्या बाईशी कन्नडमध्ये काहीतरी बोलत. त्या आता तिथे कुणीच नव्हत्या. बाई नव्हत्या, मॅडम नव्हत्या, सकाळी उन्हाला येऊन बसत इतकंच.

पारूवहिनी कमरेवर टोपली घेऊन ओळीतून येत होत्या. एकेकीच्या हातावर लाडू ठेवायच्या आणि पहिला घास तोंडात गेल्याशिवाय पुढे सरकायच्या नाहीत. एकीने अर्धा लाडू पदराआड नेला, तो त्यांनी तिथल्या तिथे बाहेर काढायला लावला आणि ती खाईपर्यंत समोर उभ्या राहिल्या. तिचं पोरगं अंगणाबाहेर उभं होतं. वहिनींनी त्याला एक हाक मारून घरी पिटाळलं.

टोपली अक्कांपाशी आली. बोलण्याच्या नादात, बाकीच्यांचे हात पुढे होते म्हणून, अक्कांनीही हात पुढे केला.

वहिनी थांबल्या. लाडू त्यांच्या बोटांत होता.

"वच्छे," त्या म्हणाल्या, "तू कुठल्याच गटात न्हाईस."

आणि लाडू त्यांनी पलीकडच्या बाईच्या हातावर ठेवला.

अक्कांनी आपल्या रिकाम्या तळहाताकडे पाहिलं. "बरोबर," असं म्हणून हात शालीत घेतला आणि थोडं सरकून जागा केली. वाटप संपल्यावर वहिनी त्याच जागेवर, भिंतीला पाठ लावून येऊन बसल्या. रिकामी टोपली त्यांनी न विचारता अक्कांच्या मांडीवर ठेवली आणि दोन्ही हातांनी सुटलेला अंबाडा पुन्हा बांधू लागल्या. त्यांचा अंबाडा बांधून होईपर्यंत अक्का टोपली धरून बसल्या होत्या.